दोन सीटांची गाडी

खर्रर्र! गाडीचं पोट पुन्हा फाटकातल्या उंचवट्याला घासलं आणि ओट्यावर बसलेल्या जीवरामआबांनी पच्चकन थुंकून तोंड फिरवलं.

"ऐकलं का सुपडू? रोज अशीच किंचाळते. याले म्हणे गाडी म्हणायचं!"

शेजारचा सुपडू हसला. वर्षभर गावच हसत होतं. आबांच्या एकुलत्या एका पोरानं, कुंदननं, चांगली चालती सात सीटांची गाडी विकली आणि सुरतहून ही लाल, जमिनीला चिकटलेली, कुणीतरी वापरून टाकलेली गाडी आणली. सीटा दोनच. इंजिन पाठीमागं, डिक्की नाकात. हौसेपायी घेतली आणि झाकून ठेवली असती तर आबा गप्प बसले असते. पण हा दिवटा रोज तीच फिरवायचा. केळीच्या मळ्यात तीच, जामनेरच्या बाजारात तीच, बँकेत तीच. बोदवडच्या रस्त्यावर गतिरोधक आला की गाडी तिरपी करून मुंगीच्या पावलानं चढवायची, मागं ट्रॅक्टरवाल्यांच्या शिव्या खायच्या. आरशात मागचं धड दिसत नाही, वैशाखात पाठीला इंजिनाची धग. आबांनी तिच्यात एकदाही पाय ठेवला नव्हता.

"गाडीच्या मागं बैल जुंपायची अक्कल आमच्याच घरात पैदा झाली," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

आज तर त्यांचं डोकंच भणाणलं होतं. उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया. धुळ्याला दिलेल्या नूतनला सणासाठी माहेरी आणायला कुंदन मुऱ्हाळी म्हणून निघाला होता. या डबड्यातून!

"आरे, विहीणबाई कुठी बसतीन? नि नूतनची नणंद? टपावर?"

"जागाच नाही आबा. नूतनलाच आणतो," कुंदन म्हणाला आणि गेलासुद्धा.

आबांना वाटलं, कार्ट्यानं नाक कापलं. लग्नाला चार वर्षं झाली, नूतन कधी एकटी आली नव्हती. सासू, नणंद, कधी जावईबापू, गाडी भरून यायची. "आमची लेक एकटी येत नाही बाप्पा, बठ्ठं घर घेऊन येते!" असं आबा चारचौघांत मिशीवर हात फिरवत सांगायचे. घरात दहा खोल्या, बारा खाटा. विहीणबाईंना कूलरची खोली ठरलेली. त्यांच्या पुढ्यातली आमरसाची वाटी रिकामी दिसली की आबा बायकोवर, पुष्पाबाईंवर, डाफरायचे. नूतन वाढत असायची. तिच्यासाठी लिंबाला बांधलेला आखाजीचा झोका तसाच लोंबत राहायचा.

"पाव्हण्यांचा मान कसा ठेवावा, ते या गाढवाले कळणार नाही," आबा सुपडूला म्हणाले.

चारच्या सुमाराला गाडी पुन्हा फाटकात घासली. इतक्या खालच्या सीटवरून नूतनला उठता येईना, कुंदननं हात दिला. पुष्पाबाईंनी धावत जाऊन भाकरतुकडा ओवाळला आणि लेकीचे सुजलेले डोळे पाहून त्यांचा हात थबकला. आबांनी लेकीकडं पाहिलंच नाही.

"विहीणबाई काय म्हणाल्या?"

"गाडी पाहून लई खूश झाल्या. गल्लीला बोलावून दाखवली. मग बसायला निघाल्या, तर जागा नाही. घरची दुसरी गाडी आण म्हणाल्या. म्हटलं, विकली. आता रोजची हीच."

"शोभा केली रे माझी! व्याह्यांच्या दारात शोभा केली!"

कुंदननं गाडीच्या नाकातली डिक्की उघडली. आत एक प्लास्टिकची फाईल होती. नूतनच्या मार्कशीटा, आधार कार्ड, पासबुक. साडी एकही नव्हती.

"सणाले आलेली लेक मार्कशीटा कायले आणते?" आबांनी विचारलं. सुपडू मुकाट्यानं उठून घरी गेला.

"मी परत जाणार नाही आबा," नूतन म्हणाली. "ते मला मारतात. पहिल्या वर्षापासून."

"मंग बोलली काहून नाही?"

"कधी बोलू? फोनवर सासूबाई शेजारी. इथं आले की त्या कूलरच्या खोलीत मला पायाशी झोपवायच्या. आज पारोळ्यापर्यंत खरंच वाटेना की मागं कुणी बसलेलं नाही. तीनदा वळून पाहिलं. नुसतं इंजिन होतं. मग बोलले. एरंडोलला भाऊनं गाडी बाजूला घेतली. त्याला चालवता येईना."

आबांनी पोराकडं पाहिलं. "तुले ठाऊक होतं?"

"नाही. पण मागच्या आखाजीला मोठ्या गाडीच्या आरशात दिसली होती. सासू आणि नणंदेच्या मधे दाबून बसलेली, माझ्याकडं बघत होती. तिला काहीतरी सांगायचंय, एवढं कळलं. घरी आल्यावर विचारायला गेलो, तर तुम्ही तिला विहीणबाईंचे पाय चेपायला पाठवलेलं."

 तेवढ्यात आबांचा फोन वाजला. विहीणबाईंचा आवाज अंगणभर ऐकू येत होता.

"जीवरामभाऊ, तुमच्या पोरानं काय खेळणं आणलंय! आमची सून एकटीच गेली. असू द्या, आम्ही मोठी गाडी केलीय. उद्या सकाळी सगळे पोचतो. कूलरमधे पाणी तेवढं भरून ठेवा."

नूतननं फाईल छातीशी धरली. आबा फोन घेऊन उठले. दाराशी उभ्या केलेल्या बारा खाटांकडं त्यांनी एकदा पाहिलं.

"येऊ नका विहीणबाई," ते म्हणाले. "आमच्याकडे जागा नाही."