कठड्याची सातवी तारीख

"काका, तुम्ही उद्यापासून आलाच नाहीत, तर कोणाचं काय अडेल?"

प्रश्न तिचा नव्हता. पैज लावली होती दोन मैत्रिणींनी, आणि त्या दाराशी तोंड दाबून उभ्या होत्या. विचारलं मात्र तिने, तेही सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं. वक्तृत्वाचा कप मिळाल्यापासून तिच्या आवाजाला धार चढली होती. घरात तिला तोफ म्हणत. इमारतींचे नकाशे काढायचं हे ऑफिस आईबाबांचंच, तेव्हा तोफेच्या तोंडी जाणार कोण?

तारीखकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला. तेवीस वर्षं ते इथे नकाशे सांभाळत होते. जिना, खिडकी, गच्ची, कठडा, अशा प्रत्येक इमारतीला लागणाऱ्या भागांचे नकाशे एकदाच काढून ठेवलेले असत आणि तेच सगळीकडे वापरत. त्यात काही बदललं की काका नकाशाच्या कोपऱ्यात तारीख घालत आणि वहीतही लिहीत. जुना नकाशा मात्र पुसत नसत, कारण जुन्या इमारतींच्या दुरुस्तीला तो लागतो.

काकांना राग आला नाही. त्यांनी खरंच विचार केला आणि म्हणाले, "कठड्याचं अडेल."

कठड्याचे आजवर सात नकाशे झाले होते. सातांतला आज चालणारा कुठला, हे वही सांगते, असं त्यांचं म्हणणं. तोफेने लगेच आव्हान दिलं: तुम्ही वहीत शोधा, मी कॉम्प्युटरवर. मैत्रिणींनी एक, दोन, तीन म्हटलं.

काका बोटाला थुंकी लावून पानं उलटत होते, तोवर तिने तारखेनुसार यादी लावली, सगळ्यात वरचा नकाशा उघडला आणि टेबलावर थाप मारली. मैत्रिणींनी टाळ्या पिटल्या.

काका उठून तिच्या खुर्चीमागे आले. त्यांनी स्क्रीनवर नकाशाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथली तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती. हा तिसरा कठडा, ते हळूच म्हणाले. यातल्या दोन गजांमधून लहान मुलाचं डोकं आरपार जातं, म्हणून तर तो बदलला.

टाळ्या थांबल्या. तोफेचे कान तापले. कप मिळाल्यापासून ती एकदाही हरली नव्हती.

"मग यादीत तो कालचा कसा?" तिने विचारलं.

काकांनी काल एका जुन्या इमारतीसाठी तो उघडला होता. माप पाहिलं आणि बंद करताना सवयीने सेव्हचं बटण दाबलं. कॉम्प्युटरने कालची तारीख लावून टाकली.

"म्हणजे चूक तुमचीच."

एव्हाना आई केबिनच्या दारात येऊन उभी राहिली होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. यादी बघून कोणी नकाशा काढत नाही, कोपरा बघतात, हे ते म्हणू शकले असते. पण काका सरळ माणूस.

"हो, बाळा," ते म्हणाले. "ती माझीच."

आईने लेकीला केबिनमध्ये बोलावलं. बाबा आत होतेच, त्यांनी सगळं ऐकलं होतं. आई दार लोटून म्हणाली, बघा, आता तर त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. साइटवर असा नकाशा गेला असता म्हणजे? बाबा पट्टीने टेबलावर रेघा ओढत राहिले. तेवीस वर्षं, ते पुटपुटले. आपलं लग्न झालं तेव्हा मांडवाचा नकाशासुद्धा त्यांनीच काढला होता. सोमवारी बघू.

"वर्षभर तुमचा सोमवारच चाललाय," आई म्हणाली. "वयस्कर माणसाला घरी बसा कसं सांगायचं, म्हणून तुम्ही गप्प, मी गप्प."

काचेपलीकडे काका वहीत वाकून आजची तारीख घालत होते. कठड्याच्या पानावर, स्वतःची चूक, सविस्तर. अक्षर नेहमीसारखंच, मोत्याच्या दाण्यासारखं. मैत्रिणी अजून दाराशीच होत्या. एकीने मान उडवून विचारलं, काय झालं?

तोफेने केस मागे टाकले. कान आता थंड झाले होते.

"तुम्हा दोघांना जमत नसेल तर राहू दे, बाबा," ती म्हणाली. "मी ठरवलंय. मीच सांगते त्यांना, आत्ता. मला काही वाटत नाही."