पिवळ्या मातीतला दात

“मास्तर, दात दावा, काम थांबवतो,” मोहनराव म्हणाले. “न्हाई तर दुपारी सुरुंग उडणार. सोसायटीची विहीर हाय, माझ्या एकट्याची न्हाई.”

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. त्रिंबक मास्तर विहिरीच्या काठावरून खाली बघत राहिले. काल तिन्हीसांजेला तळाच्या पिवळ्या मातीत त्यांनी तो पाहिला होता. हातभर लांब, कधीकाळी इथे फिरणाऱ्या हत्तीचा, दगड होऊन गेलेला दाढेचा दात. वर गवत दळायच्या आडव्या कडा. हात लावायचं धाडस झालं नव्हतं. आज तिथे नुसता खळगा होता.

“रात्री हत्ती येऊन घेऊन गेला असंल,” सुग्रीव पहार टेकवत म्हणाला. सगळे हसले.

मास्तरही हसले. हल्ली पुस्तक छातीवर ठेवून त्यांचा डोळा लागे, आणि याच माळावर कमरेएवढ्या गवतातून हत्तींचा एक कळप संथ चालत जाई. कालचंही त्यातलंच असेल?

माती वाहणाऱ्या कडूबाईला त्यांची दया आली. “चला, दोन घास खावा.”

तिच्या ओसरीत भाकरी मोडताना त्यांनी भीत भीत विचारलं, “काल शेवटी तुम्हीच वर आलात ना? एखादं मोठं हाड दिसलं का?”

“हाड?” तिचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला. “माळकऱ्याच्या घरात असलं काय इचारता, मास्तर? दिसलं असतं तरी शिवले नसते.”

मास्तर ओशाळले.

मोहनराव दारात आले. “मग? काय करू?”

“उडवा,” मास्तर म्हणाले. “मला स्वप्न पडलं असेल.”

थोड्या वेळाने जमीन हादरली. माळावर पिवळ्या धुळीचा लोट उठला आणि हळूहळू विरून गेला. मास्तर तो दिसेनासा होईपर्यंत बघत बसले. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, “ठेचा लई बारीक वाटलाय. पाट्याला टाकी लावून खडबडीत करणारा येऊन गेला वाटतं?”

“ह्या दुष्काळात कुठला येतोय! जुना पाटा पार तुळतुळीत झालता. ह्यो दगूड काल विहिरीत घावला. टाकीची गरजच न्हाई बघा.”

तिने चुलीजवळचा पाटा पुढे सरकवला. त्याच्या आडव्या कडांमध्ये हिरवा चोथा अडकला होता, आत्ताच चरून आल्यासारखा.