ओट्याची उंची

सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला अपेक्षाला एका राहत्या घराची पाहणी करून त्यातले दोष लिहून द्यायचे होते. तिने कुंभवलीतलं स्वतःचंच घर घेतलं. छताची ओल आणि खिडकीवरची भेग लिहून झाल्यावर ती टेप घेऊन स्वयंपाकघरात आली. पहिल्या पाळीवरून परतलेले रामकिसन कमरेला पट्टा बांधून, ओट्यावर वाकून भाकरी थापत होते.

"पप्पा, सरका जरा." तिने मोजलं. "अठ्ठावीस इंच! तेहतीस पाहिजे. कुठल्या गवंड्याने बांधला हा?"

"मीच बांधला."

"टेप नव्हती का तुमच्याकडं?"

"होती की. पण आधी तुझ्या आईला भिंतीशी उभं केलं. तिच्या कोपराखाली एक वीत सोडून रेघ मारली, अन् तिथंच कडाप्पा बसवला. ती होती तोवर तिची कंबर एकदाबी दुखली नाय."

अपेक्षाने टेप गुंडाळली. मग म्हणाली, "विटांचा एक थर चढवून घेऊ. तुमची कंबर तरी सुटेल. उपाय म्हणून तेच लिहिते."

"थर नको."

"पप्पा, दोषापुढं काहीतरी लिहावंच लागतं. नाहीतर सर मार्क कापतात."

रामकिसननी भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्यावर पाण्याचा हात फिरवला.

"मग लिही," ते म्हणाले. "ओटा बरोबर हाय. त्याच्यापुढं माणूस चुकीचा उभा हाय."