दातानं तोडलेला दोरा

टक् असा आवाज झाला आणि टेलरबाईंनी दोरा तोंडातून काढला. दोरा तुटला होता, पण आवाज दोऱ्याचा नव्हता. त्यांनी जीभ फिरवून पाहिली. खालच्या पुढच्या दातावरचं, दात सरळ करायची तार धरून ठेवणारं ब्रॅकेट सुटून तारेवर लोंबत होतं. मागच्याच आठवड्यात चिकटवलेलं! कात्री हाताशी, मशीनवरच पडलेली. पण सवय जाईल तर शपथ. आयुष्यभर दोरा दातानंच तुटत आला होता.

गेल्या खेपेला दातांच्या डॉक्टरीणबाईंनी अक्षरशः हात जोडले होते. "ताई, तुमचे वरचे दात खालच्यांना पार झाकून टाकतात. खालचे टाळूत रुततात, म्हणून हा सगळा खटाटोप. आणि तुम्ही त्याच दातांनी दोरे तोडताय?"

"झाला का हो कोट?" काउंटरपलीकडून वकीलबाईंनी विचारलं. "आणि हे तारांचं काय काढलंत या वयात? पुन्हा लग्नाला उभ्या राहताय की काय?"

टेलरबाईंनी ओठ मिटून मान हलवली. बोलायची सोयच नव्हती. खालचे दात टाळूत रुतू नयेत म्हणून डॉक्टरीणबाईंनी वरच्या दातांमागे सिमेंटचे गोळे बसवलेले, त्यामुळे दाढेला दाढ टेकत नव्हती; घास चावायचा कशानं? 'स' म्हणायला जावं तर शिटी वाजायची. घरात नवरा, दुकानात गिऱ्हाईक, जो तो तोंडात डोकावून टोमणा मारून जाणार. वैताग नुसता! आता कुणाकुणाला सांगत बसायचं, की हे सोंग स्वतःच्या हौसेनं घेतलेलं नाही म्हणून?

लेकीच्या दातांची ठेवण हुबेहूब आईची. हल्ली पोरगी हसताना तोंडावर हात धरायची. जेवताना मधेच थांबून टाळूला जीभ लावायची, विचारलं तर "काही नाही." डॉक्टरांच्या खुर्चीत तिनं ओठ जे गच्च मिटले ते मिटलेच. बाहेर आल्यावर म्हणाली, "तुझंही तसंच आहे ना? आधी तू लावून दाखव. तू टिकलीस तर मी." आणि टेलरबाई रागाच्या भरात 'लावते' म्हणून बसल्या. आता हे तुटलेलं तिनं पाहिलं की संपलंच. तिला निमित्तच हवं होतं.

वकीलबाई कोट घेऊन गेल्या आणि त्याच दारातून दप्तर टाकत लेक आत आली.

"आई, भूक लागलीय."

"हं."

"हं काय? बोल की."

"हं हं."

लेकीनं डोळे बारीक केले. "आ कर."

"अगं, काही नाही झा..." ब्रॅकेट सुटून मोकळी पडलेली तार ओठाला टोचली.

"आ कर म्हणते ना!"

टेलरबाईंनी तोंड उघडलं. करतात काय? लेक वाकून बघत राहिली.

"पुन्हा दोरा?"

"मेली सवयच आहे गं. उद्या जाऊन चिकटवून घेते. सोडलेलं नाहीये मी, सांगून ठेवते!"

लेक ड्रॉवरकडे वळली. त्यातून तिनं डॉक्टरांनी दिलेली मेणाची डबी काढली, चिमूटभर मेण मळलं आणि टोचणाऱ्या तारेवर बोटानं दाबून बसवलं. मग दोरे कापायची छोटी कात्री उचलली, तिच्या मुठीच्या कड्यातून जाड दोरा ओवला आणि ती आईच्या गळ्यात घातली.

"घे. आता हात तोंडाकडे निघाला की आधी हिला लागेल. कंटाळा आणलायस अगदी! एवढी मोठी बाई, आणि लहान पोरासारखं मागे लागावं लागतं."

बडबडत तिनं आईच्या मानेमागे गाठ मारली, ओढून पक्की केली आणि उरलेलं टोक दातात धरून तोडलं.

"आई गं!"

टेलरबाई वळल्या. पोरगी टाळूला जीभ लावून उभी होती, डोळ्यांत पाणी. कात्री दोघींच्या मधे लोंबत होती.

"आता तू आ कर," टेलरबाई म्हणाल्या.

लेकीचा हात सवयीनं तोंडाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मग तिनं तो खाली घेतला, मशीनवरचा दिवा स्वतःच आपल्याकडे वळवला आणि तोंड उघडलं.