मेलखालचं नाव

"काका, मेल संपला की खाली हे दिसेल," मेलखालची नवी सही बनवून द्यायला आलेल्या रितिकाने लॅपटॉप मधुसूदनरावांकडे वळवला. "फोटो, नाव, हुद्दा, फोन. आणि ही पट्टी: 'कॉलेज उघडण्याआधी प्रयोगशाळा सज्ज. मागणी आजच नोंदवा.' दिवसाला तीस-चाळीस मेल जातात तुमचे. प्रत्येकाखाली फुकटात जाहिरात."

मधुसूदनराव स्क्रीनकडे बघत राहिले. या फोटोसाठी त्यांनी जूनच्या उकाड्यात कोट चढवला होता. खाली लिहिलं होतं, 'मधुसूदन देवपुजारी, संस्थापक.'

प्रयोगशाळांना काचसामान पुरवणारी ही फर्म त्यांनीच काढली होती. हे सामान जिथे बनतं त्या अंबाल्याला रजा टाकून तेच गेले होते. पण सरकारी नोकरीत असताना धंदा स्वतःच्या नावावर करता येत नव्हता, म्हणून मालकीण त्यांची पत्नी, प्रमोदिनीबाई. मार्चमध्ये ते निवृत्त झाले, तरी प्रतापनगरच्या घराबाहेरची पाटी, बिलं, मेल, कुठेच अजून त्यांचं नाव नव्हतं.

प्रमोदिनीबाई खाली सतरंजीवर बसून बीकर कागदात गुंडाळत होत्या.

"काकू, तुमचं नाव काढू ना मग?" रितिकाने विचारलं.

"काढ की. आमचं कागदापुरतंच होतं."

त्यांनी मान वर केली नाही. मधुसूदनरावांना ते वाक्य ओळखीचं वाटलं. ते त्यांचंच होतं. पाहुण्यांसमोर, लग्नकार्यात, हसत हसत ते हेच सांगत आले होते.

"पण मेल लिहिणार कोण?" रितिका म्हणाली.

"तीच लिहील. मला कुठे जमतं ते टायपिंग?"

रितिकाने लॅपटॉप परत स्वतःकडे वळवला. "जुन्या गिऱ्हाइकांना एक पाठवून बघू. त्यांच्याकडे फोटो नीट दिसतो का, ते कळेल." प्रमोदिनीबाईंनी सकाळी तयार केलेल्या दरपत्रकाखाली तिने नवी सही जोडली आणि मेल पाठवून दिला.

प्रमोदिनीबाई भरलेलं खोकं व्हरांड्यात ठेवायला गेल्या. तेवढ्यात टेबलावरचा त्यांचा मोबाइल वाजला. 'नत्थूजी, कॉलेज स्टोअर, भंडारा.' मधुसूदनरावांनी तो उचलला.

"मॅडमले द्या ना जी," पलीकडचा आवाज घाबरलेला होता. "आत्ता मेल आला. खाली कोन्या साहेबाचा फोटो हाय, मॅडमचं नावच नाही. असं कधी झालं नाही जी. मॅडमचं काही बरंवाईट त नाही ना झालं?"

"नाही, नाही. त्या ठीक आहेत."

"खरं सांगा जी, लपवू नका. माह्या पोरीले बारावीची पुस्तकं त्याईनंच पाठोली होती, काचसामानाच्या खोक्यात घालून. आज ते नोकरीले लागली. मॅडमले सांगाचंच राहून गेलं."

मधुसूदनरावांना पुस्तकांचं काही ठाऊक नव्हतं.

"पण तुमी कोण बोलून राह्यले?"

स्क्रीनवरून कोटातले मधुसूदनराव त्यांच्याकडे बघत होते. रितिकाही बघत होती.

"मी ऑफिसात असतो," ते म्हणाले. "नवीनच आहे. मार्चपासून. थांबा, मॅडमना देतो."

फोन हातात धरून ते व्हरांड्यापर्यंत गेले. प्रमोदिनीबाईंनी हात पदराला पुसले, फोन घेतला आणि पलीकडचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हसल्या.

"आहे हो नत्थूजी, आहे मी," त्या म्हणाल्या. "बोला, काय फुटलं?"