पडद्यावरचा पूर्वरंग

जरा पुढं सरका, सतरंजीवर जागा आहे. पेटीवाला सूर लावतोय तोवर एक गोष्ट सांगतो, आपल्या सोनईकडची.

"यात नाचणारं कोण आहे?" प्रवीणसरांनी विचारलं.

"कोणी नाही, सर," कृपा म्हणाली.

नगरच्या कॉम्प्युटर क्लासात शेवटच्या परीक्षेला प्रत्येकानं एका गाण्याचा व्हिडिओ करून द्यायचा होता. बाकीच्या पोरांनी धरणावर जाऊन सिनेमासारखे नाच उतरवले होते. कृपाच्या पडद्यावर नऊवारीतली एक बाई अंगणात उभी होती, हातात चिपळ्या, कपाळावर घाम. ती कृपाची आत्या, मालनबाई.

"बरं, गाऊ दे म्हातारीला. पण शेवट तरी कर. गाणं मधेच तुटतंय."

"हे इथंच थांबतं, सर."

"मार्क कापीन."

"कापा."

मालनबाई ख्रिस्ताचं कीर्तन करायची. बापाच्या मागं टाळ धरून शिकलेली. परगावची मंडळी तिला गाडी पाठवून न्यायची, आणि तिच्या स्वतःच्या गावात काय झालं ते ऐका. नाताळला ती देवळात वेदीपुढं उभी राहिली. पहिलं पद उचलणार, तोच देवळाचा कारभार बघणारे मंडळीचे वडील इसहाकदादा उठले.

"बाईमाणसानं हितं उभं ऱ्हायचं न्हाई. काय गायचं ते बायांच्या प्रार्थनेत गा."

पेटी थांबली. मालनबाईनं चिपळ्या पदरात गुंडाळल्या आणि भरल्या देवळातून ताठ मानेनं निघून गेली.

उन्हाळ्यात तिच्या छातीत दुखायला लागलं. ती मिरजगावला लेकीकडं गेली. पावसाळा सरता सरता गावातला माल ने-आण करणाऱ्या मच्छिंद्रच्या टेम्पोबरोबर बातमी आली, की मालनबाई वारली, माती तिकडंच झाली. देवळाची घंटा वाजली. मिरजगावला जायचं मात्र कोणाला जमलं नाही. कांद्याची लागण चालली होती. एकटी कृपा जाऊन आली. बाया तिच्या गळ्यात पडून रडल्या. कृपा काही बोलली नाही.

ती पुन्हा कॉम्प्युटरपुढं बसली. हॅंडीकॅमच्या कॅसेटमधून चित्र आत घ्यायचं, चिपळीच्या ठेक्यावर कापायचं, जोडायचं. मशीन मधेच अडकायचं, केलेलं सगळं पुसून जायचं. ती परत पहिल्यापासून सुरू करायची.

"अगं, एवढा जीव काढतेस कोणासाठी?" सर म्हणाले.

"ज्यांनी पेटी थांबवली, त्यांच्यासाठी."

व्हिडिओ पुरा झाल्यावर ती इसहाकदादांच्या ओट्यावर गेली.

"सलाम, दादा. आत्याचं कीर्तन मी कॉम्प्युटरवर बसवलंय. देवळात दाखवायचंय."

इसहाकदादांनी उपरण्यानं मान पुसली. "माझं तिच्याशी वाकडं न्हवतं, पोरी. नियम हुता."

"अजून आहे का नियम?"

"चित्राला कसला नियम? दाखव की. पर कीर्तनाची रीत मोडायची न्हाई."

"सगळं रीतीनंच होईल. पण मधेच कोणी बंद पाडलं तर?"

"कोन बंद पाडतंय ते बघतो मी. माझा शब्द हाय."

"घरात दिलेला शब्द मला नको. मंडळीपुढं द्या."

"लई तिखट झालीस गं. व्हय, मंडळीपुढं देतो."

आणि दिलाही, रविवारच्या उपासनेत, सगळ्यांदेखत.

पुढच्या रविवारी मच्छिंद्रच्या टेम्पोतून, गोधडीत गुंडाळून कॉम्प्युटर आला. देवळात मुंगीला वाट नव्हती. वेदीपुढं, जिथून मालनबाईला माघारी फिरवलं होतं, तिथंच कृपानं टेबल मांडलं. शेजारी शेवंतीचा हार ठेवला. कळ दाबली.

दार लाविले माणसांनी,
प्रभू उभा उंबऱ्यावरी

मालनबाईचा आवाज देवळाच्या पत्र्याला भिडला. आधी बायांनी टाळी धरली. मग मागच्या बाकावरच्या बाप्यांनी. पोरं कॉम्प्युटरच्या मागं जाऊन बघायला लागली, आत बाई बसलीय का म्हणून. इसहाकदादांचे ओठ ध्रुवपदाबरोबर हलू लागले, आणि डोळे वाहू लागले.

निरूपण संपलं. मालनबाईनं हात जोडले, आणि चित्र तिथंच थांबलं.

कीर्तनाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पूर्वरंग झाला की मंडळीतला वडील उठून कीर्तनकाराला हार घालतो. एकदा हार पडला की उत्तररंग झाल्याशिवाय कीर्तनकाराला कोणी खाली बसवत नाही, आणि ऐकणारा जागचा उठत नाही.

इसहाकदादा उठले. त्यांनी शेवंतीचा हार कॉम्प्युटरला घातला.

"मालनबाई, माफ कर गं. ह्यो हार मी तुला नाताळलाच घालाया पायजे हुता. आता काय उपेग!"

बाया हुंदके देऊ लागल्या. कृपाचे डोळे मात्र कोरडे.

"दादा, हार रीतीनं पडला ना?"

"रीतीनंच, पोरी. समद्या मंडळीदेखत."

कृपानं जाऊन देवळाचं बाजूचं दार उघडलं. नऊवारीतली एक हडकलेली बाई आत आली, पडद्यावरचीच. मरणाची बातमी टेम्पोनं आणली होती; मिरजगावला जाऊन तिला जिवंत बघून आली होती ती एकटी कृपा. मालनबाईनं कॉम्प्युटरवरचा हार उचलून आपल्या गळ्यात घातला आणि चिपळ्या वाजवल्या. "बसा, दादा. हार पडलाय, आता उठायचं न्हाई. उत्तररंगाला आख्यान मग्दालीया मरीयेचं. कबर रिकामी हाय, ही बातमी घेऊन पहिल्यांदा धावली ती बाईच हुती, आन् बाप्यांना ते खरं वाटलं न्हवतं. तिची आठवण ठेवा, मंडळी."