दुसरी कोलांटी

औलीच्या बर्फाळ उतारावर मैथिली उभी होती. खाली, पहिल्या रांगेत तिचे बाबा, निवृत्त सुभेदार जगताप, बसले होते. लष्करात असताना ते स्कीवरून हवेत गिरक्या घ्यायचे. बर्फावर अशा दिखाऊ कसरती करणाऱ्याला स्कीवाल्यांच्या बोलीत 'हॉटडॉग' म्हणतात, तेच नाव जवानांनी त्यांना पाडलं होतं. पोरीला पहिली कोलांटी त्यांनीच शिकवली. काचबिंदूमुळे हल्ली त्यांची नजर मंदावली होती, तरी तिची स्पर्धा बघायला ते हट्टाने साताऱ्याहून आले होते.

मैथिली उसळली. एक कोलांटी पूर्ण झाली, दुसरी अर्ध्यातच फसली आणि ती खांद्यावर आपटली. लोक किंचाळले.

धावत आलेल्यांना बाजूला सारून ती लंगडत कठड्यापाशी गेली. बाबा अजून टाळ्या वाजवत होते. त्यांचे डोळे मात्र तिच्या मागच्या रिकाम्या उताराकडे लागले होते.

"बाबा!"

आवाजाच्या रोखाने त्यांनी मान वळवली. "काय उतरलीस गं! लोकांनी केवढा गलका केला! गुडघे अगदी माझ्यासारखे वाकवलेस."

शेजारच्या बाई काही सांगायला पुढे झाल्या. मैथिलीने मानेनेच त्यांना थांबवलं. बाबांना किती कमी दिसतं, हे तिला आज कळलं.

"दोन्ही जमल्या, बाबा," ती कशीबशी म्हणाली.

हवेत चाचपडत त्यांचा हात तिच्या ओल्या गालावर आला.

"अगं वेडे, जिंकल्यावर रडतात का?"